शिकणं चालू आहे...

आधीच सांगून टाकतो, हा लेख एका कॉम्प्युटर गेमबद्दल आहे. गेमचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी (आत्या, मुख्यतः तू) जरा धीर धरावा, पुढे बाबा येणार आहेत. आणि जे गेम खेळतात त्यांनीही धीर धरावा, कारण तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टी मी बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगणार आहे.

ऑनलाईन रोल-प्लेइंग गेममध्ये तुमचं एक पात्र असतं आणि त्या पात्राला काही ना काही विद्या शिकवायची असते. कुणी तलवार शिकतं, कुणी लोहारकाम, कुणी नुसते मासे पकडतं. बहुतेक खेळांत नियम सरळ आहे, जे कराल ते वाढतं. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाईन'मध्ये तेच होतं, २००१ च्या 'रूनस्केप'मध्येही तेच. लाकडं तोडायची विद्या वाढवायची असेल तर लाकडं तोडा, अजून तोडा, बोटं दुखेपर्यंत क्लिक करा. रूनस्केपमध्ये ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि गंमत म्हणजे त्याचा निम्मा रस्ता ९२ व्या लेव्हलला येतो. म्हणजे ९२ पायऱ्या चढून घाम पुसत वर बघावं तर वर अजून तेवढंच बाकी! ज्याने हा हिशोब मांडला त्याला माणसाच्या स्वभावाची चांगलीच ओळख असणार.

मी खेळतो त्या खेळाचं नाव 'ईव्ह ऑनलाईन'. आइसलँडमधल्या सीसीपी नावाच्या कंपनीचा, मे २००३ मध्ये सुरू झालेला. अंतराळ, यानं, व्यापार, युद्धं, आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळं जग एकाच सर्व्हरवर. २०१४ च्या जानेवारीत त्यात एक लढाई झाली, तिच्यात ७५ टायटन, म्हणजे सर्वांत मोठी यानं, एका दिवसात नष्ट झाली आणि त्याच्या बातम्या खऱ्या वर्तमानपत्रांत आल्या. पण मला लढायांत कधीच फार रस नव्हता. मला धरून ठेवलं ते त्यातल्या शिकण्याच्या पद्धतीने.

कारण इथे करून काही वाढतच नाही. तुम्ही पुस्तक विकत घ्यायचं, ते पात्राच्या डोक्यात घालायचं (शब्दशः, त्याला 'इंजेक्ट करणं' म्हणतात), 'सुरू' असं बटण दाबायचं आणि घरी जायचं. पात्र शिकत राहतं. तुम्ही कॉम्प्युटर बंद करा, ऑफिसला जा, झोपा, लग्नाला जा, त्याचं शिकणं चालू. रोज ठरलेल्या वेळी सर्व्हर बंद होतो, आपल्याकडचे दुपारचे साडेचार म्हणजे ऐन चहाची वेळ, तेव्हासुद्धा शिकणं चालू.

किती वेळ लागेल याचं गणित अगदी चोख आहे. पात्राला पाच गुण असतात: बुद्धी, स्मरणशक्ती, आकलन, इच्छाशक्ती आणि लोकांवर छाप पाडायची कला. प्रत्येक स्किलला यातला एक गुण मुख्य आणि एक दुय्यम. मुख्य गुणाचा आकडा अधिक दुय्यमचा निम्मा, इतके पॉइंट मिनिटाला. आजच्या नव्या पात्राचे हे आकडे विसाच्या आसपास असतात, म्हणजे २० अधिक १०, मिनिटाला ३०. आता सर्वांत सोप्या जातीचं स्किल घ्या, उदाहरणार्थ खाणकाम. प्रत्येक स्किलच्या पाच लेव्हल. पहिलीला एकूण २५० पॉइंट, दुसरीपर्यंत १,४१५, तिसरीपर्यंत ८,०००, चौथीपर्यंत ४५,२५५ आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. दर पायरीला एकूण साडेपाच पटींहून जास्त. म्हणजे पहिली लेव्हल सव्वाआठ मिनिटांत, चहा उकळेपर्यंत. दुसरी पाऊण तासाच्या आत, तिसरी तीन तास चाळीस मिनिटांत, चौथीला जवळजवळ एकवीस तास. आणि पाचवीला ४ दिवस २१ तास.

प्रत्येक लेव्हलने फायदा किती? तर ५ टक्के जास्त खनिज. सव्वाआठ मिनिटांच्या पहिल्या लेव्हललाही पाच टक्के आणि पाच दिवसांच्या पाचव्या लेव्हललाही तेवढेच पाच टक्के!

आणि हे सगळ्यात सोपं स्किल झालं. अवघड स्किलला हाच आकडा आठ पट, बारा पट, टायटन चालवायचं असेल तर सोळा पट. बॅटलशिप आठ पटीत येते. तिची पाचवी लेव्हल वरच्याच वेगाने ३९ दिवस घेते. एवढ्या वेळात माणूस पहिल्या चार लेव्हलवर दुसरी चार-पाच याने चालवायला शिकेल. म्हणून 'चौथीवर थांबा, पाचवी चैनीची' असा शहाण्यांचा सल्ला असतो. आणि तरीही खेळणारे पाचवीला लावतातच. मीही लावली होती.

मी २००६ मध्ये सुरू केलं. महिन्याला १४.९५ डॉलर, तेव्हाचे साधारण पावणेसातशे रुपये. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं त्या काळातली गोष्ट. तेव्हा एका वेळी एकच स्किल लावता यायचं. ते संपलं की पात्र नुसतं बसून राहायचं, पुढचं आपण येऊन लावेपर्यंत. मग काय, स्किल संपणार पहाटे तीन चाळीसला, आणि आपण तीन पस्तीसचा गजर लावून झोपलेले. रूममेटला वाटायचं मी अभ्यास करतोय. गणपतीला गावी जायचं असलं की मुद्दाम एखादं लांबलचक स्किल लावून निघायचं. दिवसा छोटी, रात्री मधली, सुट्टीत मोठी. स्वयंपाकघरात आई कुकर, कणीक आणि फोडणी यांची जशी सांगड घालते तसंच.

२००९ च्या मार्चमध्ये रांग आली, एकामागून एक स्किल लावून ठेवायची सोय, पण चोवीस तासांपुरती. २०१४ मध्ये तीही मर्यादा गेली. झोप वाचली. पण खरं सांगू का, गजर लावून उठण्यात जी मजा होती ती गेली. :)

आणखी एक गोष्ट होती, तिची मला फार गंमत वाटायची. शिकण्याचा वेग वाढवणारी स्किल्स! म्हणजे शिकायला कसं शिकायचं ते आधी शिका. नवीन माणूस यान उडवायला मिळेल म्हणून यायचा आणि जुनेजाणते त्याला सांगायचे, आधी काही आठवडे हीच शिक, पुढे फायदा होईल. हिशोबाने बरोबर. पण तेवढ्या आठवड्यांत बिचाऱ्याला काहीच करता यायचं नाही, आणि बरेच जण तोपर्यंत कंटाळून निघून जायचे. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने ती सगळी काढून टाकली आणि त्यांत घातलेले पॉइंट परत केले.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चूक केली. एएसडीएफ काढून टाकल्यासारखं झालं."

तर आता बाबा.

नातेवाइकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: बाबांची वाईला टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. इंग्रजी आणि मराठी, तीस आणि चाळीस. चौदा यंत्रं, तीन बॅचेस. माझं बालपण त्या खडखडाटाच्या वरच्या मजल्यावर गेलं, त्यामुळे मला अजूनही शांततेत झोप लागत नाही. नवीन पोरगा आला की पहिले कित्येक दिवस एकच. डावा हात ए एस डी एफ जी एफ, उजवा हात सेमीकोलन एल के जे एच जे. एक शब्दही नाही. काही पोरं तिसऱ्या दिवशी विचारायची, "सर, माझं नाव कधी टाईप करायचं?" बाबा म्हणायचे, "बोटांना विचार."

२०१८ च्या दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू. बोलणं महिन्याभरात बऱ्यापैकी परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र तसाच. मी पुण्याहून घरून काम करायची परवानगी काढून वाईला येऊन राहिलो. रात्री आईला झोपायला पाठवायचं आणि बाबांच्या खोलीत मी जागायचं, असं आम्ही वाटून घेतलं होतं.

त्या रात्रींत मी कित्येक वर्षांनी तो खेळ पुन्हा उघडला. खातं २०११ पासून बंद होतं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१६ पासून, फुकट खेळायची सोय झाली होती. उघडून बघतो तर माझं पात्र शेवटच्या स्थानकावर जसंच्या तसं उभं! एकही पॉइंट कमी नाही. फक्त फुकट खेळणाऱ्याला वरची स्किल्स वापरता येत नाहीत. ती यादीत दिसतात, पाचच्या पाच चौकोन भरलेले दिसतात, पण त्यांना कुलूप. बॅटलशिप पाचवी, चाळीसेक दिवस घालवून मिळवलेली, समोर दिसतेय आणि वापरता येत नाही.

मी स्क्रीनकडे बघितलं, मग पलंगाकडे.

कारण दुपारीच एक प्रकार झाला होता. फिजिओथेरपिस्ट ताई बाबांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवत होत्या. त्यांनी करंगळी उचलली तर बाबा म्हणाले, "सेमीकोलन." अनामिका उचलली, "एल." मधलं, "के." तर्जनी, "जे." ताई हसायला लागल्या. बाबा हसत नव्हते. कुठलं बोट कुठे जातं हे त्यांच्या डोक्यात लखलखीत होतं, बोट मात्र जात नव्हतं.

पूर्वी, म्हणजे २०१४ च्या डिसेंबरपर्यंत, ईव्हमध्ये एक क्रूर नियम होता. पात्र मेलं की ते नव्या शरीरात जागं होतं, पण ते शरीर तुमच्या विद्येच्या मापाचं आधी विकत घेऊन ठेवलेलं असायला हवं. ठेवलं नसेल तर शिकलेल्यातलं काही कायमचं पुसलं जायचं. जितके जुने, जितके निष्णात, तितकं ते शरीर महाग. शेवटी कंपनीने हा नियम काढला. आता ईव्हमध्ये मरून विद्या जात नाही. गंजतही नाही. दहा वर्षं हात न लावलेलं स्किल काल शिकल्यासारखं चालतं. जगात असं दुसरं काही असेल तर मला माहीत नाही. सायकल विसरत नाही म्हणतात, पण माझ्या काकांना या वयात बसवून बघा!

दवाखान्यात मी दर खेपेला एकच प्रश्न विचारायचो, "हात कधी?" आणि उत्तर यायचं, "बघूया." ते टाळत होते असं नाही, पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते, मग वेग मंदावतो, कुणाचं किती परत येईल ते आधी सांगता येत नाही, हे सगळं त्यांनी नीट समजावलं होतं. तरी रात्री परत येऊन मी एखादं स्किल लावायचो आणि समोर आकडा यायचा: ४ दिवस २१ तास ५ मिनिटं. मला त्याचं काही नव्हतं. कितीही दिवस का असेनात, पण आकडा येत होता आणि तो खरा होता. मला त्या यानांचं काहीही करायचं नव्हतं. मी फक्त आकडे उतरताना बघत बसायचो.

एका रात्री बाबा जागे होते. म्हणाले, "काय चाललंय?" मी सांगितलं. शिकतोय. कोण? हा माणूस. काय करून? काही न करून. बाबांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं आता चिडणार. चाळीस वर्षं पोरांकडून घासून घेतलेल्या माणसाला 'झोपेत विद्या येते' हे सांगणं म्हणजे किराणा दुकानदाराला उधारी माफ करायला सांगण्यासारखं.

पण बाबा म्हणाले, "अगदीच खोटं नाही ते. शनिवारी अडलेलं पोरगं सोमवारी येऊन सरळ टाईप करायचं. रविवारी यंत्राला हात लावलेला नसायचा." मग थोडं थांबून, "पण शनिवारी घासलेलं असायचं."

झोपेत मेंदू बोटांच्या हालचाली पक्क्या करतो हे प्रयोगांनी दाखवलंय, मी तेव्हा मोबाईलवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर रविवारी सुट्टी." (रविवारी सुट्टी असायची कारण रविवारी सगळ्या जगाला सुट्टी असते, पण असो.)

२०१६ पासून ईव्हमध्ये विद्या विकताही येते. एक यंत्र विकत घ्यायचं, ते पात्रातून ५ लाख पॉइंट काढून घेतं, आणि ती बाटली बाजारात विकायची. घेणाऱ्याने टोचून घेतली की तो तेवढा शिकला. मात्र त्यात एक मेख आहे. नवख्याला पूर्ण ५ लाख मिळतात, ५० लाखांच्या पुढे ४ लाख, ५ कोटींच्या पुढे ३ लाख, आणि ८ कोटींच्या पुढच्या जुन्या खोडांना फक्त दीड लाख. जुन्या खेळाडूंनी यावर पुष्कळ आरडाओरडा केला. माझंही मत तेच आहे, पैसे देऊन महिने विकत घ्यायचे तर घड्याळाला अर्थ काय राहिला? बाबांना मात्र या बाटलीचं भारी कुतूहल वाटलं. परीक्षेला डमी बसवणारी पोरं त्यांनी पकडलेली होती, त्यामुळे मला वाटलं होतं ते संतापतील. ते म्हणाले, "ज्याच्यातून काढतात त्याचं काय होतं?" म्हटलं, तो तेवढा कमी होतो, पण ५० लाखांच्या खाली जात नाही, तशी अट आहे. "मग बरी आहे अट," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी माळ्यावरचं यंत्र खाली काढायला लावलं. चौदांपैकी ते एकच ठेवलंय, बाकीची भंगारात गेली. ताईंचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरचा कीबोर्ड बरा, कळ हलकी असते. बाबांचं म्हणणं, हलकी आहे म्हणूनच नको. शेवटी ताईंनी दोन महिने हलक्या कळांवर काढून घेतले आणि मग परवानगी दिली. पहिल्या दिवशी जे उठला. एकच. कागदावर फिकट, वाकडा एक जे. आईने तो कागद देवाजवळ ठेवला. बाबांनी तो तिथून काढून आणला, कारण त्याच्या पुढच्या ओळी मारायच्या होत्या.

मग रजिस्टर सुरू झालं. इन्स्टिट्यूटचंच, कोरी पानं उरलेली. तारीख, मजकूर, वेग, चुका. स्वतःच विद्यार्थी, स्वतःच सर. उजव्या हाताने एच जे के एल चे धडे, मग दोन्ही हातांनी शब्द. जूनमध्ये मिनिटाला ४ शब्द. वर्षअखेर ९. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागलं, ताईंचं येणं बंद, तरी पान कोरं नाही. २०२१ मध्ये १४. आणि तिथून पुढे आजवर सतरा-अठराच्या मध्ये अडकलेत. एके काळी सत्तरच्या पुढे असलेला माणूस.

मी एकदा त्यांच्यासमोर ईव्हचा तक्ता मांडला. सव्वाआठ मिनिटं, पाऊण तास, पावणेचार तास, एकवीस तास, पाच दिवस. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. म्हणाले, "तीसवरून चाळीसला जाताना असंच असतं. महिना महिना आकडा हलत नाही. पोरं रडकुंडीला येतात." मग बोट पाचव्या ओळीवर ठेवून (उजव्या हाताचं, हे मी बघितलं) विचारलं, "ह्याच्यात मध्येच थांबवलं तर झालेलं जातं का?"

म्हटलं, नाही. जिथे थांबलं तिथेच राहतं. परत सुरू केलं की तिथून पुढे.

"आमच्यात थोडं मागे जातं," ते म्हणाले. आणि रजिस्टर ओढून घेतलं.

माझं खातं अजून चालू आहे, आता पैसे भरून. रांगेत आज बावीस स्किल्स आहेत. खेळत तर नाहीच, महिन्यातून एकदा उघडतो आणि रांग भरून ठेवतो. बाबा कधीतरी विचारतात, "तुझा माणूस कुठवर आला?" मी आकडा सांगतो. मी विचारतो, "तुमचं?" ते सांगतात. कालचा आकडा साडेसतरा होता, चुका तीन.

ता.क. इंग्रजी टाईपरायटरची अर्ध्या इंची रिबन पुण्यात कुठे मिळते हे कुणाला ठाऊक असेल तर नक्की कळवा. अप्पा बळवंत चौकातल्या ओळखीच्या दुकानात शेवटच्या दोन होत्या, त्या मी उचलल्या. सध्याची बाबांनी उलटीसुलटी करून पार पांढरी केली आहे, आणि फिकट उमटलेलं अक्षर ते चूक म्हणून धरतात.